मुरघासाचें झांकण

हिरवी वैरण मुरवून ठेवण्याची चाल अलीकडे आपल्याकडे पुष्कळ पसरली आहे. मका कापून त्याची कुट्टी करणें व ती खड्ड्यांत किंवा पिशवींत दाबून भरणें, हें काम आतां गांवोगांवीं माहितीचें झालें आहे, आणि ही गोष्ट सर्वथा इष्ट होय. परंतु आमचे शेतकरी बंधु बियाणें, खत, पाणी व कुट्टीचें यंत्र यांवर सढळ हातानें खर्च करितात, आणि सर्वांत शेवटीं जें झांकण घालावयाचें तेथें मात्र हात आंखडता घेतात. एखादी फाटकी ताडपत्री, खताच्या रिकाम्या गोण्या, वर थोडें पाचट, असें कांहीं तरी टाकून काम उरकलें जातें. ही काटकसर नसून उधळपट्टी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. व तें कां, हें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम मुरणें म्हणजे काय तें पाहूं. कापलेली कुट्टी लगेच मरत नाहीं. आंत हवा असेपर्यंत ती श्वास घेत राहते, स्वतःची साखर जाळते व तापते. हवा संपली म्हणजे ही क्रिया थांबते, आणि दुधाचें दहीं करणाऱ्या जंतूंच्या जातकुळींतील सूक्ष्म जंतु कामास लागतात. ते पिकांतील साखरेचें लॅक्टिक आम्ल करितात. आम्लता वाढतां वाढतां सामू ४ च्या आसपास येऊन ठेपला, कीं कुजविणारे जंतु निपचित पडतात व वैरण महिनोगणती टिकते. आमच्या गृहिणी लोणच्याच्या फोडी तेलाखालीं बुडवून बरणीच्या तोंडास दादरा बांधतात. त्यांतील मर्म हेंच कीं, आंतील जिन्नस व बाहेरील हवा यांची गांठ पडूं द्यावयाची नाहीं.

ही विद्या नवी नाहीं. फ्रान्समध्यें ऑग्युस्त गोफार यांनीं मक्याच्या मुरघासावर १८७७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ विर्तानेन यांस वैरण टिकविण्याच्या पद्धतीबद्दल १९४५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सामू ४ च्या खालीं नेला असतां वैरणीचा नाश करणाऱ्या क्रिया थांबतात, हें त्यांच्या पद्धतीचें सार होतें. आपल्या मक्यांत साखर पुरेशी असल्यामुळें हें काम जंतु स्वतःच करितात, मीठ वा गूळ घालण्याचें अगत्य पडत नाहीं; मात्र त्यांस निर्वात जागा करून देणें हें आपलें काम होय.

कांहीं वडीलधारे विचारतात कीं, आम्ही कडब्याच्या गंजी वर्षानुवर्षें रचल्या, त्यांस कोठें प्लॅस्टिकचा कागद लागला? प्रश्न रास्त आहे, परंतु तुलना रास्त नाहीं. कडबा टिकतो तो वाळल्यामुळें. त्यांत पाणीच नसल्यामुळें बुरशीस थारा मिळत नाहीं. मुरघासाच्या मक्यांत शंभरांत ६५ ते ७० भाग पाणी असतें. एवढ्या ओलींत हवा शिरली तर काय होईल, हें भिजलेल्या गंजीवरून ज्याचें त्यानेंच ताडावें. एक वैरण कोरडेपणावर टिकते, दुसरी आम्लावर. दोहोंची राखण एकाच रीतीनें होणार नाहीं.

हवा शिरली म्हणजे नुकसान पायरीपायरीनें होतें. आधीं किण्व जातीचे जंतु जागे होऊन आम्लच खाऊं लागतात. त्यामुळें वैरण तापते. हात घातला असतां ऊब लागते. आम्ल घटलें कीं बुरशी धरते व पांढरे, हिरवे किंवा काळे थर दिसूं लागतात. शेतकरी वरचा थर काढून टाकतो व खालचा जनावरांस घालतो. परंतु बुरशी दिसते त्याहून तिचा पसारा मोठा असतो. बुरशीच्या कांहीं जाती विष निर्माण करितात व तें विष गाईच्या दुधांतही उतरतें. अफ्लाटॉक्सिन एम १ या विषाची दुधांतील कमाल मर्यादा आपल्या देशाच्या नियमांत एका किलोस ०·५ मायक्रोग्रॅम ठरविलेली आहे. म्हणजे झांकणांतील एक भोंक आपल्या गोठ्यापुरतें राहत नाहीं. तें दूध पिणाऱ्या परक्याच्या लेकरापर्यंत पोंचतें. हा केवळ नफ्यातोट्याचा प्रश्न नव्हे.

दुसरा शत्रु माती. चिखल लागलेली ट्रॅक्टरची चाकें, मुळासकट उपटलेलीं ताटें, कुट्टीवर थेट लोटलेली माती, यांबरोबर मातींतील जंतु आंत जातात. त्यांतील कांहीं जंतु आम्ल मोडून खवट, नाकास झोंबणारी घाण उत्पन्न करितात. कांहींमुळें जनावर एका बाजूस मान वळवून गोल गोल फिरूं लागतें, गाभण गाय गाभ टाकते. म्हणून झांकण म्हणजे वरून माती ओढणें, ही समजूत सोडून द्यावी. माती घालावयाची तर ती कागदावर घालावी, वैरणीवर नव्हे.

आतां झांकावें कसें तें सांगतों. दाणा चिकांत असतां पीक कापावें. मुठींत दाबलेला कुट्टीचा गोळा हळूहळू सुटावा, परंतु बोटांतून पाणी ठिबकूं नये. खड्ड्याच्या भिंतींस भरण्यापूर्वींच कागद लावून त्याच्या कडा बाहेर सोडाव्या. वीतभर थर टाकून तो नीट तुडवावा, मग दुसरा. शक्य तर भरणी एका दिवसांत, फार तर दोन दिवसांत उरकावी. वरील बाजू मधोमध उंच ठेवावी, म्हणजे पावसाचें पाणी ओघळून जाईल. कडा आंत दुमडून त्यांवर बाहेरून काळा व पांढरा असा दुहेरी कागद, पांढरी बाजू उन्हाकडे करून, पसरावा. त्यावर जुने टायर किंवा मातीनें भरलेल्या गोण्या एकमेकींस लागून ठेवाव्या. सभोंवार चर खणावा, व कुत्रीं, गुरें येऊं नयेत म्हणून कुंपण घालावें. आठवड्यांतून एकदां फेरी मारून उंदरांचीं भोंकें पाहावीं व तीं तत्काळ चिकटपट्टीनें बुजवावीं. जुना कागद टाकावयाचा नसेल तर तो बाहेरच्या थरास वापरावा. वैरणीस लागणारा थर मात्र नवाच असावा.

पहिल्या कांहीं दिवसांत आंतून वायु सुटतो. पिशवी फुगली म्हणून कोणीही तिला भोंक पाडूं नये. वायु आपोआप ओसरतो. कधीं कधीं त्यांत पिवळसर तपकिरी रंगाचा जड व विषारी वायु असतो. पाण्याच्या ताणांत वाढलेल्या किंवा युरिया फार दिलेल्या पिकांत याचें भय अधिक. म्हणून पहिले तीन आठवडे खोल खड्ड्यांत उतरूं नये, वांकून तोंडही घालूं नये, लहान मुलांस जवळ फिरकूं देऊं नये. निदान ४५ दिवस झांकण उघडूं नये. "कसा झाला तें पाहूं" म्हणून मधेंच कोपरा उचलणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत; पाहण्याची हौस फिटते व कोपरा कुजतो.

एक हिशेब मात्र आम्ही आग्रहानें मांडतों, कारण उभी हयात आंकड्यांत घालविल्यावर ती खोड जात नाहीं. ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व दीड मीटर खोल असा खड्डा घ्या. त्याचें माप ९ घनमीटर. घट्ट भरला तर घनमीटरास सुमारें ६०० किलो, म्हणजे एकूण ५,४०० किलो वैरण. तीन गाईंस दररोज पंधरा पंधरा किलोप्रमाणें ४५ किलो लागेल व ती १२० दिवस पुरेल. येथपर्यंत सर्व ठीक वाटतें. परंतु २ मीटर रुंद व दीड मीटर खोल अशा उघड्या तोंडावरून दररोज ४५ किलो काढावयाचे, म्हणजे अवघा अडीच सेंटिमीटरांचा थर निघतो. उन्हाळ्यांत रोज निदान एक वीत तरी आंत सरकावें लागतें. नाहींतर हवा आपल्या पुढें धांवते, व आपण रोज कालचा नासलेला थर काढीत बसतों. तोच खड्डा तीस गाईंच्या धन्यास उत्तम, कारण त्याचा तो बारा दिवसांत संपेल. तीन गाईंच्या धन्यानें मात्र आंत अस्तर असलेल्या ५० किलोंच्या पिशव्या भराव्या. १०८ पिशव्यांत तेवढीच वैरण मावते, व रोज एकच पिशवी उघडली जाते. सारांश, झांकण कसें घालावें याबरोबरच तें कितीदां व केवढें उघडावें लागेल, याचा विचार खड्डा खणण्यापूर्वींच झाला पाहिजे. शेजाऱ्यानें खणला म्हणून तेवढाच खणणें हें शहाणपण नव्हे.

चांगला कागद, चांगल्या पिशव्या एकट्या शेतकऱ्यास महाग पडतात, हें आम्हांस मान्य आहे. त्यावर उपाय झांकणांत कपात करणें हा नसून एकत्र खरेदी करणें हा आहे. गांवची सहकारी संस्था पिकाचें बीं एकत्र आणते, तर कागदाचे गुंडाळे कां आणूं नयेत? वापरून फाटलेला कागद बांधावर टाकून किंवा जाळून न देतां संस्थेनेंच गोळा करून परत पाठवावा, म्हणजे गुरांच्या पोटांत प्लॅस्टिक जाणार नाहीं. जे विकतचा मुरघास घेतात त्यांनीं पिशवी फाटकी, मऊ पडलेली किंवा हातास गरम लागणारी असेल तर निःशंक परत करावी. विकणाऱ्यास झांकणाची किंमत कळावी, याचा तोच मार्ग आहे.

१९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीनें मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला. २०१२-१३ व २०१८-१९ सालच्या दुष्काळांत चारा छावण्यांच्या दाव्यांस बांधलेलीं गुरें मात्र आपण सर्वांनीं पाहिलीं. सरकारची छावणी उघडते ती टंचाई ठरल्यानंतर. तक्ते भरावे लागतात, अहवाल वर जातात, हुकूम खालीं येतो. त्या अवधींत गोठ्यांतील जनावर वाट पाहत नाहीं. चांगल्या पावसाच्या वर्षीं मुरवून नीट झांकून ठेवलेली वैरण पुढील वर्षींही उपयोगी पडते, व तीस कोणाच्या हुकुमाची गरज नसते. परंतु फाटक्या ताडपत्रीखालीं ठेवलेली वैरण दुष्काळाच्या दिवशीं उघडली, तर हातीं काळा चिखल येईल, आणि तेव्हां वाचविलेल्या पैशांचा कागद विकत घेऊनही उपयोग होणार नाहीं. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, यंदा कुट्टीचें यंत्र दारीं बोलाविण्यापूर्वीं झांकणाची तजवीज आधीं करावी.

— एक निवृत्त महसुली कारकून