खापरांची साक्ष

शहादा तालुक्यात तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे आहे. तिथल्या टेकाडात पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती हाती लागली. तिच्या राजाचे नाव कुणाला ठाऊक नाही. वस्तीची ओळख पटली ती रंगवलेल्या खापरांवरून.

भाजलेली माती अशी चिवट साक्षीदार. म्हणूनच आजचे काही शिल्पकार ब्रॉन्झ सोडून तिच्याकडे वळले असावेत. प्रभाकर कांबळे यांची ‘उतरंड’ पाहा. मडक्यावर मडके, हे आजीच्या माजघरातले दृश्य. पण तीच जातीची उतरंड होते; सगळा भार तळच्या मडक्यावर. पेशवाईत पुण्यात थुंकीसाठी अस्पृश्यांच्या गळ्यात मडके अडकवले जाई, असे डॉ. आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. आणि कलादालनात मडके दिसले की आपण विचारतो, यात कसली आली कला!

अशा कलेची खरी गरज नंदुरबारला आहे. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडितात गेली. १९९३ साली मणिबेलीत पाणी शिरले. कुडाच्या भिंती, चुली, देवांची ठाणी, सारे त्या पाण्याच्या वाटेत होते. त्याच धरणाच्या खालच्या अंगाला २०१८ साली सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. त्याचे शिल्पकार राम सुतार शेजारच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. खानदेशाला त्यांचा अभिमान आहेच. पण पुतळ्याचे तोंड धरणाकडे आहे. धरणामागच्या ३३ गावांसाठी काही घडवायला नको का?

टेंडर काढून आणखी एक पुतळा मात्र नको. तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींतल्या बायांनी गावागणिक एक कणगी घडवावी. बांबूची, शेणामातीने लिंपलेली पावसात टिकणार नाही. म्हणून कुंभाराला सोबत घेऊन ती मातीतच भाजावी. वर गावाचे नाव कोरावे, शेजारी जुन्या घराचे एखादे सागवानी दार उभे करावे. १९४२ साली गोळ्या झेललेल्या शिरीषकुमारचे स्मारक नंदुरबार शहराने भर वस्तीत जपले आहे. या कणग्यांनाही तिथेच जागा मिळावी. खर्च फारसा नाही. घाई मात्र आहे. बुडालेल्या घरांतल्या कणग्या ज्यांनी हातांनी लिंपल्या होत्या, त्या बाया आता सत्तरीकडे झुकल्या आहेत.