संपादक गेले, मागे काय राहिले?

गोविंद तळवलकर १९९६ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’च्या संपादकपदावरून निवृत्त झाले. अशा वेळी ‘युग संपले’ असा सुस्कारा टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती पुरेशी वाटत नाही.

१९६२ मध्ये द्वा. भ. कर्णिक यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या या पत्राला तळवलकरांनी जो भारदस्तपणा दिला, तो निर्विवाद होय. रॉयवादाच्या मुशीत घडलेल्या या व्यासंगी गृहस्थाने मराठी वाचकाला सोव्हिएत राजकारणाची व इंग्रजी ग्रंथांची गोडी लावली. परंतु ते १९६८ पासून अठ्ठावीस वर्षे त्या खुर्चीवर होते. तेवढ्या काळात वसंतराव नाईकांपासून मनोहर जोशींपर्यंत नऊ जण मुख्यमंत्री झाले. संपादक मात्र एकच! राज्यकर्त्यांनी वेळीच पायउतार व्हावे, हा उपदेश वृत्तपत्रे नित्य करतात (आम्हीही त्यास अपवाद नाही). स्वतःच्या कचेरीस तो नियम कोणी लावीत नाही.

परिणाम असा की, पत्राचा दबदबा पदात न मुरता व्यक्तीत साठतो, आणि व्यक्ती उठली की तोही उठून जातो. पुढे मराठी वृत्तपत्रांत जाहिरातखात्याचा शब्द संपादकखात्याहून जड झाला, त्याचा सारा दोष मालकांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्यायाचे नव्हे. संपादकाची मुदत व अधिकार लेखी ठरवून घेण्याचा आग्रह, ज्यांचा शब्द मालकांनाही मोडवत नाही, अशांनीच पदावर असताना धरावयास हवा. त्यांच्या मागून येणाऱ्याच्या हाती तेवढे बळ नसते.