उर्से टोलनाक्याच्या अलीकडे

उद्या स्वातंत्र्यदिन. लाल किल्ल्यावरून देशापुढची उद्दिष्टे सांगितली जातील आणि इकडे ध्वजवंदन आटोपले की गावोगाव ग्रामसभा बसतील. मावळात मात्र या दिवसाआधी आणखी एक तारीख येऊन जाते. ९ ऑगस्ट २०११ला, ऐन क्रांतिदिनी, बऊर येथे द्रुतगती मार्ग अडवणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिघे गेले, त्यांत एक बाई होती. मागणी पाण्याची होती.

बऊरहून पुण्याकडे निघाले की त्याच रस्त्यावर उर्से लागते. बाहेरच्यांना हे गाव टोलनाक्यामुळे ठाऊक. २००२ साली पूर्ण खुला झालेला हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता म्हणजे देशाच्या प्रगतीचा तेव्हाचा नमुनाच. गंमत अशी की, ज्या गावाच्या नावाने नाका ओळखला जातो त्या गावचा ट्रॅक्टर या रस्त्यावर चढू शकत नाही. दुचाकीलाही मज्जाव. आज तिथे उभे राहिले तर एका अंगाला फास्टॅगची रांग दिसते आणि तारेच्या कुंपणापलीकडे डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन खाचरात वाकलेल्या बायका. खाचरात बहुधा इंद्रायणी. तो वाणही मावळचाच, वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला. रस्त्याने काहीच दिले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. कारखाने आले, उर्से येथे केबलचा मोठा कारखाना आहे, घरटी पगार सुरू झाले. तक्रार रस्त्याविषयी नाही. तो आखताना कुंपणाच्या या बाजूचा हिशेब कुणी मांडला होता का, एवढेच विचारायचे आहे.

राष्ट्रीय उद्दिष्टे आपल्याला नवी नाहीत. १९५०ला नियोजन मंडळ आले, पंचवार्षिक योजना झाल्या, २०१५ साली नीती आयोग आला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांवर आपण सही केली, मुदत २०३०. आता विकसित भारतासाठी २०४७. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि केंद्राची मदत राज्यांत कशी वाटावी याचे सूत्र त्यांच्या नावाने रूढ झाले. घेणाऱ्यांत वाटणी कशी करायची, हे त्या सूत्राने सांगितले. देणाऱ्याच्या खात्यावर काय जमा करायचे, याचे सूत्र अजून कुणी केलेले नाही.

आणि मावळ देतोच आहे. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी घाटाखाली सोडून १९१५ साली टाटांनी खोपोलीत वीज केली. मुंबईच्या गिरण्या तिच्यावर चालल्या. शेजारच्या मुळशीत १९२१ला सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. पुढे पवना धरण झाले आणि त्याच्या विस्थापितांचे पुनर्वसन पुढच्या पिढीपर्यंत रेंगाळले. त्या धरणातून पिंपरी-चिंचवडच्या निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटर बंद जलवाहिनी टाकायचे ठरले, तेव्हा खोऱ्यातल्या शेतकऱ्याने सरळ प्रश्न केला: पाणी नळीतून गेले तर नदीत काय राहील आणि आमचे पंप कशावर चालतील? शहराचे म्हणणेही खोटे नव्हते. नदीतून येताना पाणी मैले होते, रावेतला उचलून ते शुद्ध करायला खर्च येतो. आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तहानलेले जे आहेत त्यांत मावळातून कामाला गेलेली पोरेही आहेत. शुद्ध पाणी हे १७ उद्दिष्टांपैकी सहावे. म्हणजे उद्दिष्ट चुकले नव्हते. आधी आखणी, मग भूसंपादन, मग पोलीस आणि सर्वांत शेवटी चर्चा, हा क्रम चुकला. त्याची शिक्षा शहरालाही झाली. बऊरच्या गोळीबारानंतर जलवाहिनीचे काम थांबले आणि वर्षानुवर्षे स्थगितीतच राहिले. घाईने केलेले काम सर्वांत उशिरा होते, याहून स्वच्छ पुरावा कुठल्या अहवालात सापडणार नाही.

हे आता आठवायचे कारण जुने नाही. २०३०पर्यंत ५०० गिगावॉट बिगरजीवाश्म ऊर्जा, असा शब्द देशाने ग्लासगो येथे २०२१ साली दिला. सूर्य मावळल्यावरही वीज हवी, म्हणून दिवसा पाणी वर चढवायचे आणि रात्री खाली सोडायचे असे प्रकल्प आले. २०२३ साली राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात झालेल्या करारात १,८०० मेगावॉटचा असा एक प्रकल्प शिरवट्याला म्हणजे मावळातच आहे. कोळशापेक्षा तो शंभर पटींनी बरा, यात आम्हाला शंका नाही. पण खोपोलीनंतर शंभर वर्षांनी देश पुन्हा याच डोंगराकडे वळला आहे. या वेळी तरी आधी विचारा.

विचारायची जागा कागदावर तयार आहे. पंचायतराज मंत्रालयाने १७ उद्दिष्टांच्या नऊ संकल्पना करून त्या ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्याला जोडल्या आहेत. त्यांतली एक ‘जलसमृद्ध गाव’. पंचायतीने संकल्पना निवडायची, ग्रामसभेने आराखडा मंजूर करायचा. पण त्या आराखड्यात विहिरीचा गाळ बसतो, जलवाहिनी बसत नाही. गावाच्या हद्दीतून जाणारे मोठे प्रकल्प गावाच्या आराखड्याबाहेरच राहतात.

उद्याच्या सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी ती गणपूर्तीला लागेल. श्रावणाची झड आहे, खाचरांत बेणणी राहिली आहे, कारखान्यात दुसरी पाळी आहे. माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब होईल, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.