ग्रिलची किल्ली कुठे आहे?



गणेशोत्सवाच्या अंकाचं संपादकीय म्हटलं की मखर, आरत्या आणि मोदक ओघाने येतात. ते सगळं आतल्या पानांवर आहेच. पण गेल्या महिन्यातल्या सहलीत चौघी-पाचजणींशी बोलताना एकच विषय पुन्हा पुन्हा निघाला आणि तो इथे मांडल्यावाचून राहवेना. आपल्यापैकी पुष्कळांचे आई-वडील ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एकटे राहतात. त्यांच्या दारा-खिडक्यांची काळजी आपण ह्यूस्टनमध्ये बसून करतो आणि फोनवरून सांगत सुटतो : ग्रिल बसवून घ्या, आणखी एक कुलूप लावा, अनोळखी माणसाला दार उघडू नका. मीही सांगितलं आहे. त्यातून काय झालं ते आधी सांगते.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी विभागात, दुसऱ्या मजल्यावर. 2012 च्या मे महिन्यात शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली. माणसं गावाला गेलेली, भरदुपारी कडी-कोयंडा उचकटून कपाट साफ केलं. आईच्या आवाजातली भीती ऐकली आणि मी त्याच आठवड्यात पैसे पाठवले. सगळ्या खिडक्यांना बॉक्स ग्रिल, गॅलरीही बंदिस्त, आणि मुख्य दाराबाहेर लोखंडी सेफ्टी डोअर. त्याचं कुलूप असं निवडलं की आतूनही किल्लीशिवाय उघडू नये. जाळीतून हात घालून कुणी कडी काढेल, ही माझी भीती. दिवसासुद्धा किल्ली फिरवून ठेव, असं आईला बजावलं आणि तिने ते शब्दशः पाळलं.

26 मे 2016 रोजी दुपारच्या आधी एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत स्फोट झाला. बारा माणसं गेली, शंभराहून अधिक जखमी झाली, दूरदूरच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. आमच्याही फुटल्या. बाबा भाजी आणायला गेले होते. आई स्वयंपाकघरात अनवाणी, दिवाणखान्यात काचांचा सडा, आणि फ्रीजवर ठेवलेली किल्ली हादऱ्याने कुठे पडली ते कळेना. बाहेर धूर दिसत होता. दुसरा स्फोट होणार असं कुणीतरी ओरडत होतं, जिन्यावरून माणसं धावत उतरत होती. खिडकीतून निघावं तर ग्रिल चारी बाजूंनी वेल्डिंग केलेलं, हात बाहेर जाईल एवढीच जागा. समोरच्या काकू आमच्या सेफ्टी डोअरशी उभ्या राहिल्या आणि जाळीतून आईची बोटं धरून तिथेच थांबल्या. सगळे खाली गेले, त्या गेल्या नाहीत. काकांनी कुठूनसं हॅक्सॉ ब्लेड आणलं आणि कुलपाची जीभ कापली. अर्धा तास लागला. इथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मला हे सगळं कळलं ते सकाळी.

ते दार चार वर्षांत एखाद्या चोराला नडलं असेल तर मला माहीत नाही. माझ्या आईला मात्र नडलं, आणि ते मी सांगून बसवून घेतलेलं होतं.

म्हणून या विषयावर बोलताना पहिला प्रश्न मी आता वेगळा विचारते. बाहेरचा माणूस आत येऊ शकेल का, हे नंतर. आतला माणूस एका मिनिटात बाहेर पडू शकेल का, हे आधी.

आपण ज्या देशात राहतो तिथे हा प्रश्न नियमातच घातलेला आहे. इथल्या घरबांधणीच्या आदर्श नियमावलीप्रमाणे झोपायच्या खोलीत सुटकेची खिडकी लागते : मोकळी जागा किमान 20 इंच रुंद, 24 इंच उंच, आणि खालची कड जमिनीपासून 44 इंचांहून वर नको. तिला गज किंवा जाळी लावता येते, पण ती आतून, किल्ली किंवा हत्याराशिवाय निघाली पाहिजे. टेक्ससमध्ये भाड्याच्या घरांनाही बाहेरच्या दाराला आतून बिनकिल्लीची खिटी आणि डोकावायचं भिंग कायद्याने द्यावं लागतं. ‘आइक’ वादळाच्या वेळी, 2008 साली, आपल्यातल्या कितीतरी जणांनी खिडक्यांवर प्लायवूड ठोकलं. तेव्हा जुन्या शेजाऱ्यांनी आधी हेच विचारलं होतं की बाहेर पडायला कुठली खिडकी मोकळी ठेवली आहे. हा धडा आपण इथे शिकलो आणि तिकडे कळवायला विसरलो.

ठाणे-डोंबिवलीतलं बॉक्स ग्रिल हा प्रकार एकदा नीट बघायला हवा. 1980 आणि 90 च्या दशकांत घरं लहान होती, माणसं वाढत होती, आणि खिडकीबाहेरचे दोन फूट म्हणजे कुंड्या, वाळत घातलेले कपडे, जुन्या बादल्या, गॅसचं रिकामं सिलिंडर यांची जागा झाली. चोराची भीती आणि जागेची टंचाई या दोन्हींनी ते ग्रिल बसवलं. त्याचा भार छज्ज्यावर येतो. पावसाळ्यात गंज चढतो, आणि तिथल्या महापालिका दर वर्षी धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात त्यांत अशा वयाच्या इमारती पुष्कळ असतात. आग लागली की अग्निशमन दलाच्या शिडीवर चढलेल्या जवानाला माणूस समोर दिसतो आणि आधी लोखंड कापावं लागतं. उपाय अवघड नाही. फॅब्रिकेटरला सांगून प्रत्येक खोलीतल्या निदान एका ग्रिलला बिजागरीचा दरवाजा करून घ्यायचा, माणूस सहज निघेल एवढा. त्याला कुलूप लावायचंच असेल तर किल्ली तिथेच, खिडकीशेजारी, बाहेरून हात पोचणार नाही पण आतून अंधारात सापडेल अशा खिळ्यावर. आणि महिन्यातून एकदा ते उघडून बघायचं, कारण आपल्याकडच्या हवेत बिजागरी एका पावसाळ्यात धरते.

पाण्याचंही तसंच आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना आठवतं. उल्हास आणि वालधुनी नद्यांनी त्याच दिवशी बदलापूर-उल्हासनगर-कल्याणकडे काय केलं हे फक्त तिथल्यांना आठवतं. तीन फूट रुंद दाराबाहेर दोन फूट पाणी साचलं आणि आत नसलं, तर त्या दारावर सुमारे 170 किलोचा दाब येतो. सेफ्टी डोअर बाहेर उघडणारं असतं. सत्तरीच्या माणसाने ते ढकलायचं कसं? तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पाणी पायरीला लागताच दार उघडं टाकून वर जावं, सामानाची राखण करत बसू नये. हे आपण फोनवर निक्षून सांगायला हवं, कारण आपली माणसं टीव्ही आणि कपाटासाठी थांबतात.

आता चोराबद्दल. तो धोका खोटा नाही, आणि मी कुणाला दार सताड उघडं ठेवायला सांगत नाही. जुन्या वाड्यांत दाराआड अडसर असे, भिंतीतल्या खोबणीतून ओढून काढलेलं जाड लाकूड. त्याचं बळ दारात नव्हतं, दोन्ही बाजूंच्या भिंतींत होतं. आजच्या फ्लॅटमध्ये आपण महाग कुलूप घेतो आणि ते ज्या पट्टीत शिरतं ती पट्टी अर्ध्या इंची स्क्रूंनी मऊ लाकडात लावलेली असते. पहारीच्या एका हिसक्यात तीच निघते. म्हणून आधी चौकट बघावी : चौकट धरून ठेवणारे होल्डफास्ट भिंतीत पक्के आहेत का, लाकडाला वाळवी आहे का. मग पट्टीचे आणि बिजागऱ्यांचे स्क्रू लांब घालून घ्यावेत. सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतात; त्यांच्या पिना ठोकून निघणाऱ्या नकोत. दार नुसतं ओढून घेतलं तर नाइट लॅचची तिरकी जीभ पातळ पट्टीनेही मागे सरकते, म्हणून बाहेर जाताना किल्ली फिरवलीच पाहिजे. अल्ड्रॉपला लटकवलेलं मोठं कुलूप भक्कम वाटतं, पण ते जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला घरात कुणी नाही हे आधी सांगतं. आतल्या आत बसणारं कुलूप बरं. घरात माणूस असताना मात्र ते आतून साध्या खिटीने उघडणारंच हवं.

एक गोष्ट फार थोड्या घरांत लक्षात घेतली जाते. चोरांच्या टोळ्या मजल्यावर आल्या की शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घालतात. आरडाओरडा झाला तरी कुणी बाहेर येऊ शकत नाही. चड्डी-बनियन टोळीच्या धास्तीने रात्री गस्त घातलेल्या पिढीला हे चांगलं ठाऊक आहे. मुख्य दाराची बाहेरची कडी, जिचा आता काहीच उपयोग उरलेला नाही, ती काढूनच टाकावी. शंभर रुपयेही लागत नाहीत.

खिडकीच्या काचांना आतून चिकटवायची जाड सुरक्षा फिल्म मिळते. काच तडकली तरी तुकडे तिला धरून राहतात. चोराला वेळ लागतो आणि स्फोटात घरभर सडा पडत नाही. 23 मे 2024 ला एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसं गेली. इथे पहाटेचे तीन वाजून गेले होते, या वेळी फोन लगेच आला. फिल्म लावलेल्या दोन खिडक्या तडकल्या पण जागच्या जागी राहिल्या. ग्रिलचा दरवाजा उघडा होता. आई-बाबा पायांत चपला घालून पाच मिनिटांत खाली होते. पलंगाखाली चपला ठेवायच्या, हे आईने 2016 नंतर स्वतःच ठरवलेलं.

दोन्ही वेळेस रात्री इमारतीला खिडक्याच नव्हत्या म्हटलं तरी चालेल. काचवाले मिळेनात, ताडपत्र्या आणि पुठ्ठे बांधून लोक झोपले. त्या रात्री घरं राखली ती जिन्यावर खुर्च्या टाकून आळीपाळीने बसलेल्या माणसांनी. हे लिहिताना मला भिवंडी आठवते. कल्याणच्या खाडीपलीकडचं ते गाव 1984 च्या मे महिन्यात दंगलीत होरपळलं. पुढे 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत दोन्ही धर्मांच्या माणसांच्या कमिट्या बसवल्या, नियमित बैठका घेतल्या, पोलिसांना त्या माणसांची नावानिशी ओळख करून दिली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत दंगलींत सुमारे 900 माणसं मारली गेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या शहरात दारं काही मुंबईपेक्षा जाड नव्हती. संकटाच्या रात्री कुणाला हाक मारायची हे तिथल्या लोकांना आधीपासून माहीत होतं.

आपल्या आई-वडिलांना ते माहीत आहे का? ज्या मजल्यावर वीस वर्षं राहिले तिथले निम्मे फ्लॅट आता भाड्याने गेले, पुनर्विकासात जुने शेजारी विखुरले. मी घाबरून नवी माणसं घरात घेऊ नका म्हणत राहिले आणि त्यांचं ओळखीचं वर्तुळ आणखी लहान केलं, हे मला कबूल केलं पाहिजे. आज आमच्या घराची एक किल्ली समोरच्या काकूंकडे आहे आणि त्यांची आमच्याकडे. मजल्यावरच्या भाडेकरू मुलांचे नंबर माझ्याकडेही आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याखालच्या नियमांत, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी अशी तरतूद आहे. आपल्या माणसांचं नाव त्या यादीत आहे का, हे आपल्या पुढच्या भारतवारीत स्वतः ठाण्यात जाऊन विचारावं. फोनजवळ 112 हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

मंडळी, या गणपतीत घरी फोन कराल तेव्हा आरती झाल्यावर आई-बाबांना एवढंच सांगा : फोन हातात घेऊन झोपायच्या खोलीत जा, दिवा बंद करा, आणि ग्रिलचा दरवाजा उघडून दाखवा. नसेल तर त्याच आठवड्यात फॅब्रिकेटरला बोलवा. पैसे तुम्ही पाठवा. असेल आणि किल्ली सापडली नाही, तर सापडेपर्यंत फोन ठेवू नका.