मासिक आपुलकीचे, कुलूप कंपनीचे

ग्राहकाशी ‘संवाद’ साधण्याची मोठ्या उद्योगसंस्थांना अलीकडे फार ओढ लागली आहे. जाहिरातीवरचा लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा कंपनीने स्वतःच लेखणी हाती घ्यावी, घरगुती भाषेत लिहावे, म्हणजे ग्राहक जवळ येतो, असे व्यवस्थापनशास्त्राचे पंडित सांगतात. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. ते कुठवर खरे आहे, हे दोन नांगरवाल्यांच्या दोन मासिकांवरून पाहता येते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपता खपेनात. पुढे किर्लोस्करवाडीच्या या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढले. आरंभी ते कारखान्याची व मालाची माहिती देणारे साधे पत्र होते. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० साली ‘स्त्री’ निघाले, आणि ज्यांनी आयुष्यात नांगराला हात लावला नव्हता अशी मध्यमवर्गीय घरेही ती वाचू लागली. (कारखानदाराच्या पैशाने बुद्धिवादाचा प्रसार झाला, याचे समाजवाद्यांना वैषम्य वाटण्याचे कारण नाही.) परंतु शेतकऱ्याचा विश्वास बसला तो लेखांवर नव्हे, नांगरावर. त्याची रचना उघडी होती. झिजलेला फाळ बदलता येई, सैल झालेला बोल्ट आवळता येई. वस्तू विकत घेतल्यावर ती खरोखरच घेणाऱ्याची होत असे.

दुसरी हकीकत अमेरिकेतील. १८३७ साली इलिनॉयमध्ये पोलादी नांगर बनविणाऱ्या जॉन डीअरच्या कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’, म्हणजे नांगराचे तास, या नावाचे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. त्यात माती, पाणी, पिके आणि शेतकरी कुटुंबे यांच्याविषयी जाणकारीने लिहिलेले असते. कंपनीच्या यंत्रांचा गवगवा नसतो. ग्राहकाशी जवळीक कशी साधावी याचा आदर्श म्हणून त्याचा जगभर दाखला दिला जातो, आणि निव्वळ संपादन म्हणून पाहिले तर तो योग्यही आहे.

मात्र याच कंपनीच्या आधुनिक ट्रॅक्टरमध्ये व कापणीयंत्रात संगणकप्रणाली बसली. बिघाड पूर्णपणे शोधून दुरुस्त करण्याचे साधन कंपनीने केवळ आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरते राखून ठेवले, अशी तक्रार घेऊन अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह जानेवारी २०२५ मध्ये कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले. पण सुगीच्या ऐन दिवसांत यंत्र शेतात उभे आणि हाताशी असलेल्या मिस्त्रीला प्रणालीचे कुलूप उघडता येत नाही, ही तेथील शेतकऱ्यांची तक्रार त्याआधी कितीतरी वर्षांची आहे.

त्याहून बोलका आहे जानेवारी २०२३ चा करार. दुरुस्तीची साधने व माहिती देण्याचे आश्वासन कंपनीने अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन या शेतकरी संघटनेला दिले. बदल्यात राज्यांतील दुरुस्तीहक्काच्या कायद्यांना पाठिंबा न देण्याचे संघटनेने मान्य केले. सव्वाशे वर्षे पत्रव्यवहार केलेल्या ग्राहकाशी कंपनी खऱ्या अर्थाने बोलायला बसली, ती कायद्याची चाहूल लागल्यावर! आणि कोलोरॅडोने त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेतीयंत्रांपुरता तो कायदा केलाच.

याचा अर्थ कंपन्यांनी लिहू नये असा नाही. चांगली माहिती शेतकऱ्याच्या उपयोगीच पडते. पण लिहिणारा एक आणि ऐकणारे लक्षावधी, अशा व्यवहाराला संबंध म्हणणे म्हणजे मक्तेदारीला सौजन्याचा अंगरखा चढविणे होय. ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची, दुसरीकडे जाण्याची सोय आहे काय, हे अर्थशास्त्राने आधी विचारावयास हवे.

डीअरचे ट्रॅक्टर पुण्याजवळ सणसवाडीतही बनतात. आपल्याकडील साधे ट्रॅक्टर अजून बव्हंशी गावच्या मिस्त्रीच्या आवाक्यात आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा शेती अवजारांचाही त्यात समावेश केला. ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांनी आताच तालुक्याच्या गॅरेजांतून हिंडून नोंद करावी: कोणत्या कंपनीचे कोणते यंत्र मिस्त्रीला उघडता येते, आणि कोणते विक्रेत्याकडेच न्यावे लागते.