परवाना एकाचा, घर दोघांचे

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात शिरली. बाहेरगावी निघण्याआधी शस्त्र कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे त्यांच्या बाजूने सांगण्यात आले. पायावर निभावले, ते बरे झाले. त्याआधी जुलै २०२३ मध्ये पुण्याच्या बाणेर भागात एका सहायक पोलीस आयुक्तांनी पत्नीला आणि पुतण्याला गोळ्या घातल्या आणि मग स्वतःचेही आयुष्य संपवले. ते पिस्तूलही खासगी परवान्याचे होते. दोन्ही शस्त्रे कायदेशीर होती आणि दोन्ही घरातली होती. पहिल्या घटनेत हात चुकला, दुसरीत माणूसच बिथरला.

घरात बंदूक ठेवायची आहे आणि जोडीदाराच्या मनात धाकधूक आहे, अशा घरांनी हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा. कारण शस्त्र सुरक्षित ठेवण्याविषयी जे काही सांगितले जाते, ते बहुतेक पहिल्या प्रकारच्या प्रसंगासाठी असते.

महाराष्ट्रात बंदूक घरी असण्याची कारणे वेगवेगळी आहेत. सिंधुदुर्गात किंवा कोल्हापूरच्या डोंगरी भागात पीक राखण्यासाठी मिळालेली ठासणीची बंदूक आजोबांपासून चालत आलेली असते. शहरात बांधकाम व्यावसायिक, सराफ, राजकीय कार्यकर्ते आत्मसंरक्षणासाठी परवाना मागतात. सैन्यातून निवृत्त झालेले अनेक जण सुरक्षारक्षकाची नोकरी धरतात. त्यांची बारा बोअरची बंदूक हेच त्यांच्या पोटापाण्याचे साधन असते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवल्यानंतर नेमबाजीकडे वळणारी मुले-मुलीही वाढत आहेत. या सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. रक्षकाला बायकोने ‘बंदूक घरात नको’ म्हटले, तर तो उद्या कामावर काय घेऊन जाणार? रानडुकरांनी रातोरात भाताची नासधूस केलेल्या शेतकऱ्याला शहरात बसून उपदेश करणे सोपे आहे.

परवानाधारकाची बाजू एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे परवाना सहजासहजी मिळत नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांतून पार व्हावे लागते. जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त अर्ज तपासतात, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, आणि वरातीत वा जत्रेत हवेत गोळ्या झाडून लोकांचा जीव धोक्यात घालणे हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला. एवढे सगळे पाळणाऱ्या माणसाला घरात संशयाने पाहिले जाते, तेव्हा त्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. ‘वर्षानुवर्षे बंदूक कपाटात आहे, कधी काही झाले का?’ हा त्याचा प्रश्न उद्दामपणाचा नसतो. बहुसंख्य घरांत खरोखरच काही झालेले नसते.

आता दुसरी बाजू. परवाना एकाच्या नावावर असतो, पण त्या शस्त्राच्या सान्निध्यात सगळे घर झोपते. अर्ज करताना बायकोला विचारले गेलेले नसते. माहेरून येताना तिने हे गृहीत धरलेले नसते. कित्येक घरांत बंदूक लोखंडी कपाटात साड्यांच्या मागे असते, काडतुसे त्याच कपाटाच्या खणात, आणि किल्ली देवघराच्या फळीवर, म्हणजे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असलेल्या जागी. खंडेनवमीला ती बाहेर निघते, पुसली जाते, झेंडूचे फूल वाहिले जाते, पोरे हात लावून पाहतात आणि कोणीतरी ती हातात धरून फोटो काढतो. पूजा जरूर व्हावी, पण त्या गर्दीत नळी रिकामी आहे का, हे कोणी पाहिले? ज्या बाईच्या मनात हा प्रश्न येतो, तिला घरात ‘भित्री’ ठरवले जाते. खरे तर त्या घरात धोक्याचा हिशेब तीच एकटी करत असते.

तिची शंका नुसती मनाची नाही, याला अभ्यासाचाही आधार आहे. कॅलिफोर्नियातील सुमारे पावणेदोन कोटी प्रौढांच्या नोंदी तपासणारे एक मोठे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःकडे शस्त्र नसलेली, पण पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यासोबत राहणारी माणसे त्यात पाहिली होती. शस्त्र नसलेल्या घरांतील लोकांच्या तुलनेत त्यांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून जास्त आढळले. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सुमारे सातपट होते, आणि असे बळी पडलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. घरातल्या शस्त्रामुळे परक्या हल्लेखोरापासून संरक्षण मिळाल्याचा ठोस पुरावा मात्र सापडला नाही. अमेरिकेत शस्त्र दुकानातून विकत मिळते, आपल्याकडे परवान्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात, त्यामुळे तिथले आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. रागाच्या भरात उगारलेला हात खाली येऊ शकतो, सुटलेली गोळी परत येत नाही. निराशेचेही तसेच. आत्महत्येच्या विचारांची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते; त्या वेळात हाताशी काय आहे, यावर जगणे-मरणे ठरते.

म्हणून जोडीदाराच्या अस्वस्थतेवर वाद घालण्याआधी ती नेमकी कशाची आहे, हे ओळखले पाहिजे. तिला वस्तूची भीती वाटते की माणसाची?

भीती वस्तूची असेल, म्हणजे मूल हात लावेल, चोर नेईल, साफ करताना गोळी सुटेल अशी असेल, तर त्यावर उपाय आहेत आणि ते कोणालाही परवडणारे आहेत. शस्त्र ठेवताना नेहमी रिकामे करायचे आणि ते रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहायचे. पिस्तुलाचे मॅगझिन काढल्यावरही नळीत गोळी राहू शकते, हे विसरायचे नाही. ठासणीची बंदूक बार भरून भिंतीला टेकवून ठेवण्याची सवय मोडायची. दुनळी उघडून तिचे भाग सुटे करता येतात, तसे करून ठेवायची. शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात नकोत. तिजोरी भिंतीत वा जमिनीत बोल्टने बसवलेली असावी. उचलून नेता येणारी पेटी चोराचे काम सोपेच करते. चापाला लावायचे वेगळे कुलूप मिळते, तेही लावावे, पण तिजोरीला पर्याय म्हणून नव्हे. आणि हे सगळे जोडीदाराला एकदा समोर बसवून दाखवावे. काय कुठे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे हे ठाऊक असलेल्या माणसाची भीती निम्म्याने उतरते.

इथे आत्मसंरक्षणवाल्यांचा आक्षेप येतो: रात्री दरोडेखोर दारात उभा असताना दोन कुलपे उघडत बसायचे का? आक्षेप पोकळ नाही. कुलपामुळे वेळ जातोच. पण ज्याला खरोखर, नाव घेऊन सांगता येईल असा धोका आहे, त्याच्यासाठी पोलीस संरक्षण, दाराची मजबुती, कॅमेरे, शेजाऱ्यांशी संधान अशी साधनेही आहेत. बाकीच्यांसाठी वर्षाच्या ३६५ रात्री उशाशी भरलेले शस्त्र ठेवणे म्हणजे क्वचित येऊ शकणाऱ्या परक्या माणसासाठी रोज घरात असणाऱ्या माणसांना धोक्यात ठेवणे आहे. लहान मूल असलेल्या घरात तर या व्यवहाराचे समर्थनच होऊ शकत नाही.

भीती माणसाची असेल, तर मात्र वरची सगळी यादी निरुपयोगी ठरते. कुलूप कितीही भक्कम असले, तरी किल्ली त्याच्याच खिशात असते. तो दारू पिऊन येतो, भांडणात कपाटाकडे बोट दाखवतो, ‘गोळी घालीन’ म्हणतो किंवा गेले काही महिने गप्प गप्प आहे आणि जगण्यात राम नाही अशी भाषा करतो. अशा घरात तिजोरीच्या दर्जाची चर्चा करणे ही स्वतःची फसवणूक आहे. मग किल्ली बायकोकडे द्यावी, असे सुचवले जाते. पण तिच्या नावावर परवाना नसेल, तर शस्त्र तिच्या ताब्यात जाणे कायद्याला मान्य नाही. धारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अनुमतीने दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी वा धारकाच्याच वापरासाठी नेण्यापुरती मुभा आहे. शिवाय किल्लीसाठी तिलाच मारहाण होण्याचा धोका वेगळा. बँकेच्या लॉकरसारखे दोन किल्ल्यांचे कुलूप, म्हणजे एकट्याला कोणालाच उघडता येणार नाही असे, हा शांत घरात चांगला तोडगा आहे, विशेषतः हंगामापुरती लागणारी बंदूक असेल तर. धाकाखालच्या घरात तोही टिकत नाही.

अशा वेळी शस्त्र घराबाहेर गेले पाहिजे. ही गोष्ट वाटते तितकी अवघड नाही. निवडणुका आल्या की असंख्य परवानाधारक आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करतात, पावती घेतात आणि निकालानंतर परत आणतात. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडेही ती सुरक्षित ठेवता येतात. मतदानासाठी काही आठवडे शस्त्राविना राहता येत असेल, तर नोकरी गेल्यावर, व्यसनाच्या उपचारांच्या काळात, घटस्फोटाच्या खटल्यात किंवा मन खचलेले असताना का राहता येऊ नये? यात परवाना जात नाही, इभ्रतही जात नाही. ज्या घरांत बंदूक केवळ ‘आजोबांची आठवण’ म्हणून आहे आणि चालवणारा कोणीच उरलेला नाही, तिथे ती वारसाच्या नावावर करून घेण्याआधी तिची गरज आहे का, हे विचारायला हरकत नाही.

या प्रश्नात सरकारचेही काम आहे. कॅनडात परवान्याच्या अर्जावर सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागितली जाते. ती नसेल तर अधिकाऱ्यांना त्या व्यक्तीला कळवावे लागते. न्यूझीलंडमध्ये पोलीस अर्जदाराच्या जोडीदाराशी प्रत्यक्ष बोलतात. आपल्याकडे नवा परवाना देताना आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना जोडीदाराचे म्हणणे एकट्याने, घरच्यांच्या माघारी ऐकून घेण्याची स्पष्ट तरतूद व्हावी. यावर दोन आक्षेप येतील. एक, बायको दबावाखाली ‘हरकत नाही’ म्हणेल. दुसरा, नवरा-बायकोच्या भांडणात याचा सूड म्हणून वापर होईल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. म्हणूनच हा नकाराधिकार असू नये; अधिकाऱ्याने इतर माहितीसोबत तोलायची ती एक नोंद असावी. आज पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करतात. मग ज्या माणसाच्या उशापासून शस्त्र चार हातांवर असणार, त्याचे मत कागदावर का नसावे?

दोन्ही पारड्यांत वजन टाकून पाहिल्यावर आमचे मत असे. शस्त्र बाळगणे हा आपल्या कायद्यात अटींवर मिळणारा परवाना आहे, आणि अटींवर मिळालेल्या गोष्टीची सुरक्षितता सिद्ध करण्याचा भार बाळगणाऱ्यावर असतो, घाबरणाऱ्यावर नाही. उपजीविकेसाठी, पिकासाठी, खेळासाठी शस्त्र लागते त्याने ते जरूर ठेवावे, पण कसे ठेवायचे हे जोडीदारासह ठरवावे. तिचे वा त्याचे समाधान होईल इतके कडक ठेवावे आणि त्याबद्दल कुरकुर करू नये. जिथे भीती माणसाची आहे, तिथे तडजोडीला जागा नाही. शस्त्र त्याच दिवशी जमा व्हावे. स्वतःहून होत नसेल, तर पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याला आहे. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि मन खचलेल्यांसाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक दिवसरात्र चालू असतात. ज्यांच्या घरात बंदूक आहे, त्यांनी नूतनीकरणाची तारीख येण्याची वाट न पाहता या आठवड्यातच जोडीदाराला विचारावे: ‘तुला हिची भीती वाटते का, आणि कशाची?’ उत्तर ऐकून घ्यावे आणि त्याप्रमाणे वागावे.