म्हणे 'प्रेशर प्लेअर'!

परवा गावी, तेलगावला, चहाच्या टपरीवर पुन्हा तोच वाद. आपल्या बीडचा सचिन धस 'प्रेशर प्लेअर' आहे की नाही?

२०२४ च्या १९ वर्षांखालील वर्ल्डकपची सेमीफायनल. समोर दक्षिण आफ्रिका, २४५ चं टार्गेट, ४ बाद ३२. पोराने ९५ चेंडूंत ९६ धावा ठोकल्या. तेव्हा म्हणे पोलादी मन! पाच दिवसांनी फायनलला ९ वर आउट, की लगेच 'टेन्शन घेतलं'. पाच दिवसांत पोलाद गंजतं का राव?

दबाव असतो, नाही म्हणत नाही. पण आउट व्हायला एक बॉल पुरतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले एक टेस्ट फेल झाली तर आधी परत रन करतो. इथे दोन डावांत अख्खा स्वभाव ठरतो! (सेमीफायनलनंतर 'पोलादी' म्हणणाऱ्यांत मीही होतो.)